पिनवरची वर्दी

ऑगस्ट २००८ मध्ये बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात, जेथे एरव्ही धावपटूंचा आणि मल्लांचा राबता, तेथे आशिया खंडातील व प्रशांत महासागराच्या काठच्या अनेक देशांतील अभियांत्रिकीचे विद्यार्थी आपापले यंत्रमानव घेऊन उतरले होते. आणि ‘रोबोकॉन’ नावाच्या त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे यजमानपद त्या वर्षी भारताकडे, व भारतात पुण्याकडे, आलेले असल्यामुळे स्पर्धेचा विषयही आपल्या घरचाच, म्हणजे गोविंदांचा आणि दहीहंडीचा, ठेवण्यात आला होता. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाने २००२ साली सुरू केलेली ही स्पर्धा २०१४ मध्ये पुन्हा एकदा पुण्यात भरली, आणि तिच्यासाठी भारताचा संघ निवडणाऱ्या राष्ट्रीय फेऱ्या तर अनेक वर्षे बालेवाडीलाच होत असत. ज्यांनी त्या पाहिल्या असतील त्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर बांधलेले तारांचे जुडगे, शिट्टी होताच भरधाव सुटणारी यंत्रे, आणि पांढऱ्या रेषेवरून नीट जाता जाता एकाएकी भलत्याच दिशेला तोंड करून उभे राहणारे एखादे दुर्दैवी यंत्र व त्याच्याभोवती डोक्याला हात लावून उभी असलेली मुले, हे दृश्य खचित आठवत असेल.

अशा प्रसंगी प्रेक्षक दोषाचे खापर मोटारीवर किंवा बॅटरीवर फोडून मोकळे होतात, आणि बरेचदा ते बरोबरही असते. परंतु कित्येकदा दोष अधिक सूक्ष्म जागी दडलेला असतो, तो असा की यंत्राच्या चाकाने आपण किती फिरलो याची वर्दी अगदी वेळेवर दिलेली असते, मात्र ती ज्याने घ्यावयाची तो मायक्रोकंट्रोलर नेमका त्या क्षणी दुसऱ्याच कामात गुंतलेला असतो. हा मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये सामावलेला एक लहानसा संगणक होय. कपडे धुण्याच्या यंत्रात, इमारतीच्या लिफ्टमध्ये, विजेच्या नव्या मीटरमध्ये आणि रिक्षाच्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्येही तो असतो, आणि बाहेरच्या जगाशी त्याचा सगळा व्यवहार चालतो तो त्याच्या कडेने ओळीने बसवलेल्या धातूच्या पायांमधून, ज्यांना या धंद्यातील सगळेच लोक ‘पिन’ म्हणतात. काही पिनांवरून तो हुकूम सोडतो आणि काहींवरून बाहेरची खबर घेतो. ही खबर घेण्यास किती वेळ लागतो आणि तो कसा वाचवावा, हा प्रश्न वरकरणी केवळ कारागिरांच्या कुतूहलाचा वाटला, तरी पुण्यासारख्या शहरात, जेथे मोटारसायकलींची इंजिने, कारखान्यांतील यंत्रे आणि विद्यार्थ्यांचे यंत्रमानव एकाच वेळी घडत असतात, त्याला बरेच महत्त्व आहे.

पिनवर खबर येते ती व्होल्टेजच्या रूपाने, आणि ती स्वीकारताना चिप फक्त दोनच उत्तरांना मान्यता देते: आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. विद्यार्थ्यांच्या हाती आज सर्वांत अधिक दिसणाऱ्या ‘आर्डुइनो ऊनो’ या पट्टीवर अ‍ॅटमेगा ३२८पी नावाची चिप असते, आणि ती पाच व्होल्टवर चालत असताना दीड व्होल्टच्या खालील दाब शून्य व तीन व्होल्टच्या वरील दाब एक समजला जाईल अशी हमी तिचे निर्माते देतात. मधल्या पट्ट्यात काय वाचले जाईल याची जबाबदारी ते घेत नाहीत. पिनला काहीच जोडलेले नसेल तर ती हवेतून येणारी, बहुधा घरातील विजेच्या तारांची, कुजबुजही खबर म्हणून सांगू लागते, म्हणून तिला आतूनच एका रोधकाने पाच व्होल्टकडे बांधून ठेवण्याची तजवीज केलेली असते. बाहेरच्या जगाला चिपच्या घड्याळाशी काही देणेघेणे नसल्यामुळे पिनवरचा बदल कोणत्याही क्षणी येऊ शकतो. तो घड्याळाच्या ठोक्याशी जुळवून घेण्यासाठी आतमध्ये एक छोटी योजना असते, आणि तिच्यापायी अर्धा ते दीड ठोका विलंब होतो. ऊनोचे घड्याळ सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके देते, म्हणजे एक ठोका ६२.५ नॅनोसेकंदांचा. हा विलंब टाळता येत नाही. टाळता येतो तो यापुढचा.

बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत, जेथे रोधक, मोटारी, सेन्सर आणि तारांची भेंडोळी यांची दुकाने दाटीवाटीने उभी आहेत, ऊनोची पट्टी विकत घेऊन घरी येणारा मुलगा पहिल्याच दिवशी जी आज्ञा शिकतो तिचे नाव ‘डिजिटलरीड’. कंसात पिनचा क्रमांक द्यावा, आणि उत्तर घ्यावे. इतके सोपे काम असताना त्याला वेळ तो किती लागणार, असे कोणालाही वाटेल. परंतु मोजून पाहिले तर या एका आज्ञेला ऊनोवर सुमारे तीन ते पाच मायक्रोसेकंद, म्हणजे घड्याळाचे पन्नास ते ऐंशी ठोके लागतात, आणि तीच खबर चिपच्या आतील मूळ आज्ञेने घेतली तर एक ठोका पुरतो. पन्नासपट अंतर पडते ते कशामुळे, हे समजून घेण्यासाठी जुन्या मामलेदार कचेरीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. एका अर्जदाराने खिडकीशी येऊन विचारले की ‘सात नंबरची जमीन पडीक आहे की लागवडीखाली?’ कारकून प्रथम एक वही उघडून सात नंबर कोणत्या गावात मोडतो ते पाहतो. मग दुसरी वही काढून त्या गावच्या दप्तरात तो कितव्या पानावर आहे ते पाहतो. तिसऱ्या वहीत त्या जमिनीवर काही जप्ती वा मनाई चालू आहे काय हे तपासतो, व असल्यास आधी ती उठवतो. हा नंबर मुळात अस्तित्वात तरी आहे ना, याची खातरजमा करून घेतो. चौथ्या वहीत त्या गावाचा रुमाल कोणत्या कपाटात आहे ते शोधतो. आणि एवढे सव्यापसव्य झाल्यावर तो रुमाल सोडून, पान उलटून, एका शब्दात उत्तर देतो. अर्जदाराने पुढल्याच क्षणी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर चारही वह्या पुन्हा पहिल्यापासून उघडल्या जातात.

डिजिटलरीड हुबेहूब असेच वागते. पट्टीवर छापलेला ७ हा क्रमांक चिपला ठाऊकच नसतो. तिच्या पिना आठ-आठच्या गटांत, ज्यांना ‘पोर्ट’ म्हणतात, वाटलेल्या असतात, आणि सातवी पिन ही तिच्या लेखी ‘डी’ पोर्टचा सातवा बिट असते. क्रमांकावरून बिट, क्रमांकावरून पोर्ट, क्रमांकावरून त्या पिनशी निगडित असलेला टायमर, आणि पोर्टवरून त्याच्या रजिस्टरचा, म्हणजे चिपमधील नोंदीच्या खणाचा, पत्ता, अशी चार कोष्टके आज्ञेला धुंडाळावी लागतात. पिनवर टायमरचा स्पंद चालू असेल तर तो बंद करावा लागतो. आणि शेवटी जे रजिस्टर वाचायचे ते वाचण्याचे काम क्षणार्धात उरकते. ज्याला सातवी पिन डी पोर्टच्या सातव्या बिटावर आहे हे अगोदरच माहीत आहे, त्याने सरळ ‘पिन-डी’ हे रजिस्टर वाचले व नको असलेले बिट झाकून टाकले, की काम भागले. शिवाय त्या एका वाचनात एक पिन नव्हे, त्या पोर्टच्या आठही पिना, आणि त्याही एकाच क्षणीच्या, हाती येतात, हा लाभ वेगाहूनही कधी कधी मोलाचा ठरतो.

ही बचत खरोखर होते की नाही हे घरच्या घरी तपासता येते, मात्र तेथेही एक मेख आहे. ऊनोवर वेळ सांगणारी ‘मायक्रोज’ ही आज्ञा चार-चार मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांनी पुढे सरकते, त्यामुळे तिच्या मदतीने एका वाचनाचा वेळ मोजू गेल्यास उत्तर कधी शून्य तर कधी चार येते, आणि दोन्ही निरर्थक असतात; हजारो वाचनांची एकत्र वेळ घेऊन भागाकार करावा, किंवा वाचनाच्या आधी दुसरी एखादी पिन चढवून व नंतर उतरवून ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर त्या चढउतारातील अंतर पाहावे, हे मार्ग खरे. वाचलेल्या उत्तराचा कोठेच उपयोग केला नाही तर भाषांतर करणारा कंपायलर तो भाग अनावश्यक म्हणून गाळूनही टाकू शकतो, आणि मग ‘आमचा कार्यक्रम शून्य वेळात चालतो’ असा आनंद होतो, जो फार काळ टिकत नाही.

येथे इतिहासातील एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. इंटेलने १९८० साली काढलेली ८०५१ ही चिप आणि तिची पुढची भावंडे यांच्यावर पुण्यातील इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या घडल्या. प्रयोगशाळेतील त्या हिरव्या पट्ट्या, सोळा कळांचा कीपॅड आणि असेंब्ली भाषेत हाताने लिहिलेल्या आज्ञा हे सारे आज चाळिशी ओलांडलेल्या अनेक अभियंत्यांना आठवत असेल. बारा मेगाहर्ट्झच्या घड्याळावर त्या चिपला एका यंत्रचक्रासाठी बारा ठोके, म्हणजे एक पूर्ण मायक्रोसेकंद, लागत असे. परंतु पहिल्या क्रमांकाच्या पोर्टवरील आठही पिना वाचणारी आज्ञा त्या एकाच चक्रात पुरी होई. म्हणजे जुन्या ८०५१ वर असेंब्लीत लिहिणारा विद्यार्थी एका मायक्रोसेकंदात आठ पिना वाचत होता, आणि तिच्याहून कितीतरी चपळ चिप हाती असलेला आजचा विद्यार्थी डिजिटलरीडने तीन-चार मायक्रोसेकंदांत एकच वाचतो. त्या जुन्या विद्यार्थ्याला पिन वाचण्यापूर्वी तिच्यावर आधी एक लिहून ठेवावे लागते, नाहीतर पिन शून्यालाच चिकटून राहते, हा विचित्र नियमही पाठ असे. त्या नियमाने त्याला रजिस्टर म्हणजे काय आणि पिन म्हणजे काय हा भेद कायमचा शिकवला, हे मात्र नाकारता येत नाही.

असो. वेगाची गरज खरी कोठे भासते हे पाहण्यासाठी यंत्रमानवाच्या चाकाकडे वळू. चाकाच्या आसाला ‘एन्कोडर’ नावाची एक डबी जोडलेली असते. तिच्यात बारीक फटी पाडलेली एक तबकडी, एक दिवा आणि दोन प्रकाशग्राही डोळे असतात, आणि हे डोळे एकमेकांपासून अशा अंतरावर बसवलेले असतात की पहिल्याचा संकेत दुसऱ्याच्या पाव आवर्तन आधी किंवा नंतर यावा. चाक पुढे फिरले की दोन्ही पिनांवर अनुक्रमे ००, ०१, ११, १० असे चार आकडे येतात व पुन्हा ००. मागे फिरले की हाच क्रम उलटा. तबकडीवर पाचशे फटी असतील तर एका फेऱ्यात असे दोन हजार बदल होतात, आणि दहा सेंटिमीटर व्यासाच्या चाकासाठी एका बदलाचा अर्थ सुमारे ०.१६ मिलिमीटर प्रवास असा होतो. ते चाक सेकंदाला दहा फेरे फिरू लागले, म्हणजे यंत्र सेकंदाला तीन मीटरांहून थोडे अधिक धावू लागले, की सेकंदाला वीस हजार बदल, म्हणजे दर पन्नास मायक्रोसेकंदांनी एक. चार चाके असतील तर आठ पिना झाल्या, आणि त्या एकेक करून डिजिटलरीडने वाचल्या तर केवळ वाचनातच तीस-बत्तीस मायक्रोसेकंद संपले. उरलेल्या अठरात मोजणी, मोटारींचे नियंत्रण, रेषा पाहणाऱ्या सेन्सरांची चौकशी आणि चालकाचे आदेश हे सारे बसवावयाचे. त्यातच कोणी हौसेने संगणकाच्या पडद्यावर आकडे छापण्याची आज्ञा घातली असेल, तर ९६०० च्या वेगाने एक अक्षर पाठवण्यासच एक मिलिसेकंदाहून अधिक लागतो आणि तारेच्या दाराशी जागा भरली की सारा कार्यक्रम तेथे खोळंबतो.

मग काय घडते ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. एक बदल थोडा उशिरा वाचला तर काही बिघडत नाही, कारण या क्रमात एका वेळी एकच आकडा बदलतो, आणि पहिला डोळा वाचून दुसरा वाचेपर्यंत मध्येच बदल झाला तरी हाती जे जोडाक्षर येते ते एकतर जुने असते किंवा नवे, तिसरे काही असूच शकत नाही. अशा मांडणीला बेल प्रयोगशाळेतील फ्रँक ग्रे यांचे नाव मिळाले आहे. त्यांच्या पेटंटाचा अर्ज १९४७ चा आणि मान्यता १९५३ ची. परंतु दोन बदल हुकले तर ०० च्या जागी एकदम ११ दिसते, आणि चाक पुढे गेले की मागे हे सांगण्यास काहीही आधार उरत नाही. तीन हुकले तर अनर्थ याहून मोठा, कारण ०० नंतर तीन पावले पुढे गेल्यावर जो १० दिसतो तो एक पाऊल मागे गेल्यावरही दिसतो. यंत्र जोरात पुढे धावत असते आणि त्याची वही मात्र ते मागे सरकत असल्याची नोंद करते. शंभरातला एक बदल असा गहाळ झाला तरी दहा मीटरांच्या दौडीत दहा सेंटिमीटरांचा घोळ होतो, आणि डाव्या चाकाचा व उजव्या चाकाचा घोळ सारखा नसल्यामुळे यंत्र तोंड फिरवते. बालेवाडीच्या मैदानावर भलत्या दिशेला तोंड करून उभ्या राहिलेल्या यंत्रांपैकी काहींचे तरी दुखणे याच जातीचे असणार, असे मला वाटते.

पिना एकाच पोर्टवर जोडल्या तर हे दुखणे बरेचसे हटते. ऊनोवर पूर्ण आठ पिनांचे मोकळे पोर्ट मिळत नाही, कारण डी पोर्टच्या पहिल्या दोन पिना संगणकाशी बोलण्यात गुंतलेल्या असतात. पण तिची मोठी बहीण ‘मेगा’ हिच्यावर २२ ते २९ या आठ पिना म्हणजे सलग ‘ए’ पोर्टच होय. चारही चाकांचे आठ डोळे तेथे जोडले की एका ठोक्यात सगळी हकीकत हाती येते, आणि जुनी जोडी व नवी जोडी मिळून होणाऱ्या सोळा शक्यतांचे एक छोटे कोष्टक जवळ ठेवले, ज्यात चार शक्यता पुढे, चार मागे, चार जागच्या जागी आणि चार अशक्य कोटीतल्या, तर मोजणीही चटकन उरकते. अशक्य कोटीतली नोंद आली की ती मोजून ठेवावी, गिळून टाकू नये. सरावाच्या वेळी तो आकडा शून्य राहिला तरच स्पर्धेत यंत्रावर भरवसा ठेवावा.

तरीही एक मूलभूत अडचण उरतेच. वाचन कितीही जलद केले तरी प्रोसेसरने वारंवार जाऊन विचारायचे, आणि विचारायला जाण्याच्या मधल्या काळात काय झाले ते त्याला कळायचे नाही, ही रीतच बदललेली नाही. ती बदलण्याचा मार्ग म्हणजे ‘इंटरप्ट’: पिनवर बदल होताच ती स्वतःच प्रोसेसरला हातातले काम ठेवावयास लावते. ऊनोवर यासाठी २ आणि ३ या दोन खास पिना आहेत, आणि गटागटाने पाहिल्यास इतर सर्व पिनांवरील बदलही याच रीतीने कळवता येतात. मात्र इंटरप्ट फुकट मिळत नाही. हातातले काम थांबवण्यास निदान चार ठोके लागतात. चालू हिशेब बाजूला लिहून ठेवण्यात व नंतर तो परत घेण्यात आणखी कित्येक जातात. आर्डुइनोच्या सोयीच्या आज्ञा वापरल्या तर दर वेळेचा एकूण खर्च काही मायक्रोसेकंदांवर जातो. वरच्या उदाहरणातील चार चाकांच्या मिळून सेकंदाला होणाऱ्या ऐंशी हजार बदलांना प्रत्येकी तीन मायक्रोसेकंद धरले तर दर सेकंदातील पाव सेकंद केवळ वर्दी ऐकण्यातच गेला. आणखी एक खोच अशी की ही चिप आठ बिटांची असल्यामुळे मोठा आकडा तिला तुकड्या-तुकड्यांनी वाचावा लागतो. मुख्य कार्यक्रम अर्धा आकडा वाचून झाला असताना इंटरप्टने येऊन तो बदलला, तर हाती येणारा आकडा अर्धा जुना व अर्धा नवा, म्हणजे सर्वस्वी खोटा असतो. म्हणून वाचनापुरते इंटरप्ट बंद ठेवावे लागतात, आणि हे न केल्यामुळे दिवसातून एकदाच चुकणारे कार्यक्रम शोधून काढणे हे या धंद्यातील सर्वांत जिकिरीचे काम समजले जाते.

ज्यांचा या वेगावर पोटाचा धंदा आहे ते लोक याहीपुढे गेलेले आहेत. आकुर्डी, पिंपरी आणि चाकण या पट्ट्यात वाहनांचा जो पसारा आहे, आणि कोथरूडच्या टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था ज्या वाहनांची कसून तपासणी करते, त्यांच्या इंजिनाचा कारभार आज मायक्रोकंट्रोलरच पाहतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे प्रदूषणविषयक नियम लागू झाल्यावर तर नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला आणि पेट्रोल केव्हा व किती फवारायचे हे ठरवणे स्कूटरच्याही बाबतीत चिपकडे आले. त्यासाठी चिपला इंजिनाचा दांडा कोणत्या अंशात आहे हे सतत कळावे लागते. अनेक मोटारगाड्यांत या दांड्यावर एक दातेरी चाक असते, ज्यावर साठ दातांच्या जागा आखून त्यांतले दोन मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे ती रिकामी जागा आली की एक फेरा पुरा झाला असे समजावे. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर एका दाताला १६७ मायक्रोसेकंद आणि दांड्याच्या एका अंशाला सुमारे २८ मायक्रोसेकंद मिळतात. ठिणगी एक-दोन अंश पुढेमागे पडली तरी इंजिनाला ते मानवत नाही. तेव्हा दात आला हे नुसते कळून भागत नाही, तो नेमका केव्हा आला हे कळावे लागते, आणि प्रोसेसर येऊन पाहील तेव्हाची वेळ लिहून घेतली तर ती त्याच्या सवडीची वेळ होते, दाताची नव्हे.

यावरचा तोडगा म्हणजे वेळ लिहिण्याचे काम प्रोसेसरकडून काढून चिपमधील टायमरकडे सोपवणे, ज्याला ‘इनपुट कॅप्चर’ म्हणतात. पिनवर कडा, म्हणजे शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होण्याचा क्षण, आली की टायमरचा त्या क्षणीचा आकडा आपोआप एका रजिस्टरमध्ये उतरतो. प्रोसेसरने तो पुढची कडा येण्यापूर्वी, आपल्या सवडीने, उचलावा. ऊनोसारख्या साध्या पट्टीवरही आठव्या पिनला ही सोय आहे, आणि तिच्यावर ६२.५ नॅनोसेकंदांपर्यंत नेमकी वेळ मिळते. सलग चार ठोके सारखेच उत्तर आल्याशिवाय कडा खरी मानू नये असा बंदोबस्तही करता येतो, मग मात्र चार ठोक्यांचा विलंब पत्करावा लागतो. शेकडो रुपयांच्या या पट्टीवर इतकी नेमकी सोय पडून असते आणि दहांतील नऊ विद्यार्थी तिला कधी हात लावीत नाहीत, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. एसटीएम३२ कुळातील चिपांमध्ये तर एन्कोडरचे दोन्ही डोळे थेट टायमरला जोडून पुढे-मागे मोजणी हार्डवेअरनेच करून घेता येते, आणि २०२१ साली आलेल्या रास्पबेरी पाय पिको या पट्टीवर पिनांवर नजर ठेवण्यासाठी मुख्य प्रोसेसरांखेरीज आठ छोटी स्वतंत्र यंत्रे दिलेली आहेत, ज्यांना फक्त पिना पाहण्याचे व हलवण्याचेच काम.

पुण्याच्या उत्तरेस सुमारे ऐंशी किलोमीटरांवर, नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीत, जिचे पंचेचाळीस मीटर व्यासाचे तीस अँटेना आकाशाकडे तोंड करून उभे आहेत, हा प्रश्न आणखी वेगळ्या पातळीवर जातो. नव्या व्यवस्थेत तिचे ग्राहक एका वेळी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद पट्टा ऐकतात, आणि असा पट्टा हरवू न देता आकड्यांत उतरवायचा तर सेकंदाला निदान ऐंशी कोटी वाचने हवीत. तेथे मायक्रोकंट्रोलरचे काही चालत नाही. तेथे आज्ञा एकामागून एक पाळणारा प्रोसेसरच नको असतो, तर ज्यातील जोडण्या कामाप्रमाणे घडवता येतात अशी एफपीजीए नावाची चिप लागते.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे साधी दाबण्याची कळ. कळ दाबताच तिच्यातील धातूच्या पट्ट्या एकदम चिकटत नाहीत. त्या काही मिलिसेकंद थरथरतात, आणि त्या काळात पिनवर एक-शून्यांची अनेक आवर्तने येऊन जातात. डिजिटलरीडच्या जागी थेट रजिस्टर वाचून कार्यक्रम ‘जलद’ केल्यावर ज्याच्या यंत्राची कळ एकदा दाबली असता सात वेळा दाबल्यासारखी वागू लागते, त्याला वेग नको, संयम हवा. दर पाच-दहा मिलिसेकंदांनी एकदा पाहावे आणि लागोपाठ काही वेळा तेच उत्तर आले तरच मानावे. रेषा पाहणाऱ्या सेन्सरांच्या रांगेचेही तसेच: सेकंदाला दोन मीटर वेगाने धावणारे यंत्र आठ सेन्सर एकेक करून वाचण्याच्या काळात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकेही सरकत नाही, आणि ज्या पट्टीची रुंदीच सेंटिमीटरांत मोजायची तिच्यासाठी इतकी घाई करण्यात शहाणपण नाही.

थेट रजिस्टर वाचण्याची किंमतही सांगितली पाहिजे. ऊनोवरची दुसरी पिन डी पोर्टच्या दुसऱ्या बिटावर असते; मेगावरची दुसरी पिन ‘ई’ पोर्टच्या चौथ्या बिटावर. ऊनोसाठी थेट वाचनाने लिहिलेला कार्यक्रम मेगावर चढवला तर तो बिनतक्रार चालतो आणि भलतीच पिन वाचतो, तर डिजिटलरीडने लिहिलेला कार्यक्रम दोन्हीकडे योग्य तीच वाचतो, कारण त्या चार वह्या त्याच्या वतीने कोणीतरी उघडतो. इटलीतील इव्रिया येथे २००५ च्या सुमारास आर्डुइनो जन्मला तो मुख्यतः डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी. त्यांनी रजिस्टरांच्या जंजाळात न शिरता दिवा लावावा व कळ वाचावी हा त्याचा हेतू होता, आणि तो हेतू त्याने उत्तम रीतीने सिद्धीस नेला आहे. त्याला नावे ठेवणारे जे अनुभवी लोक असतात त्यांचे म्हणणे मला अर्धेच पटते. आरंभ डिजिटलरीडनेच व्हावा. पण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याची वाट तेथेच संपावी हे बरे नव्हे, आणि चार वर्षे शिकून बाहेर पडणाऱ्या मुलाला आपली पिन कोणत्या पोर्टच्या कोणत्या बिटावर आहे हे सांगता येऊ नये, ही गोष्ट त्याच्या शिक्षकांनी मनाला लावून घ्यावी.

म्हणून ज्यांच्या घरात एखादे यंत्र धावता धावता हिशेब चुकते आहे, त्यांनी तपकीर गल्लीत जाऊन अधिक वेगवान चिप आणण्यापूर्वी कागदावर तीन आकडे मांडावेत: खबर किती वेळाने येते, ती घेण्यास किती वेळ लागतो, आणि मधल्या कामांतील सर्वांत लांब काम किती वेळ खाते. तिसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल तर नवी चिपही काही काळानंतर तोच दगा देईल, आणि इंटरप्ट किंवा कॅप्चर यांचाच आश्रय घ्यावा लागेल. तो लहान असून दुसरा आकडा जड होत असेल तर थेट पोर्ट वाचावे. आणि दोन्ही लहान असतील तर दोष मोटारीत किंवा बॅटरीत शोधावा. पिनांचा सारा तपशील चिपच्या माहितीपुस्तिकेत ‘आय/ओ पोर्ट्स’ या प्रकरणात दिलेला असतो. ती पुस्तिका निर्मात्यांनी सर्वांसाठी विनामूल्य ठेवली आहे, आणि ते प्रकरण एका संध्याकाळी वाचून होते.